ब्रिटिश पबमध्ये जेवायला जाताय? आधी खप बघा

ब्रिटनमधल्या पबमध्ये जाऊन टेबलाशी बसलात आणि वेटरची वाट बघत राहिलात, तर बहुतेक ठिकाणी कोणी फिरकणार नाही. तुमच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलंय असं नव्हे, तिथली रीतच तशी आहे. गिऱ्हाइकानं स्वतः काउंटरपाशी जायचं, काय हवं ते सांगायचं, पैसे तिथेच चुकते करायचे आणि आपला ग्लास आपणच उचलून टेबलावर आणायचा. लेकाकडे, लेकीकडे लंडनला किंवा लेस्टरला चार महिने राहायला आलेली आपल्याकडची मंडळी याच पायरीवर अडतात. थोडा वेळ बसतात, अवघडतात आणि उठून समोरच्या पिझ्झाच्या दुकानात जातात. मला याची फार हळहळ वाटते. चांगल्या पबमधला ‘पाय’ (पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) किंवा रविवारचा रोस्ट (भट्टीत भाजलेलं मांस) न खाताच ‘इंग्रजांचं जेवण बेचव’ असा शेरा मारणं अन्यायाचं आहे.

मुंबई-पुण्यात पब म्हटलं की काळोख, कानठळ्या बसवणारं संगीत आणि दारावरचा कव्हर चार्ज आठवतो. तिथला पब तसा नसतो. दुपारी बारा वाजता एखादे आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, खुर्चीखाली त्यांचा कुत्रा झोपलेला असतो, शेजारच्या टेबलाला बाळाची गाडी टेकवलेली असते. दारूच्या थेंबाला न शिवता नुसतं जेवून निघालात तरी कोणाला वावगं वाटत नाही.

या जागेच्या रीतीभाती, तिथली बिअर आणि तिथलं ताट, तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खप. कोणता माल किती दिवसांत संपतो यावर पबमध्ये काय चांगलं मिळेल आणि काय शिळं मिळेल हे ठरतं. एवढं ध्यानात ठेवलं तर अनोळखी गावातल्या अनोळखी पबमध्येही सहसा फसगत होत नाही.

काउंटरपाशी

काउंटरपुढे रांग दिसत नाही, पण ती असते. लोक काउंटरच्या लांबीवर पसरून उभे राहतात आणि आपल्या आधी कोण आलं होतं हे प्रत्येकजण मनात धरून असतो. बारमागच्या माणसानं तुमच्याकडे पाहिलं आणि तुमच्याआधी कोणी उभं असेल, तर त्या माणसाकडे हात करायचा. हाका मारणं किंवा नोट हलवून लक्ष वेधून घेणं तिथे उद्धटपणाचं समजतात. जेवण सांगायचं असेल तर आधी टेबलाचा नंबर बघून ठेवायचा. ग्लास आपण आणायचा असला तरी ताट टेबलावर आणून देतात. दाराशीच ‘बसवेपर्यंत थांबा’ अशी पाटी असेल, तर मात्र तिथे रेस्टॉरंटची पद्धत आहे असं समजायचं. आजकाल फोनवरून ऑर्डर घेणारे पबही पुष्कळ आहेत.

काउंटरवर टिप द्यायची गरज नाही. टेबलावर येऊन ऑर्डर घेत असतील तर बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का, हे बघावं. लंडनमध्ये ते साडेबारा टक्के असणं नेहमीचं झालं आहे.

चारचौघं मिळून गेलात तर ‘राउंड’ची पद्धत येते. एकजण सगळ्यांचं आणतो, पुढची पाळी दुसऱ्याची. आपली पाळी आली की काढता पाय घेणारा माणूस लोकांच्या चांगला लक्षात राहतो. नव्यानं नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींना ऑफिसच्या मंडळींसोबत जाताना याचंच दडपण येतं. न पिणाऱ्यानं सुरुवातीलाच सांगावं की मी माझं माझं घेईन. त्याचा कोणालाही राग येत नाही. लिंबाचं सरबत घातलेला सोडा सगळीकडे मिळतो. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेत नळाचं पाणी फुकट द्यावं, असा नियमच आहे.

मुलांना नेता येतं, विशेषतः जेवणाच्या वेळी. काही पब संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर त्यांना थांबू देत नाहीत. मद्य विकत घेण्याचं वय १८. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र मोठ्या माणसासोबत जेवताना, त्यानं विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाचं मद्य) चालते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट पाहिलेल्या आई-बाबांना हे ऐकून जरा धक्काच बसतो.

इमारत काय सांगते

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटवर आलात की एका बोळाच्या आत ‘द जॉर्ज’ नावाचा पब आहे. १६७६च्या आगीत साउथवार्कचा मोठा भाग जळाला, त्यानंतर १६७७मध्ये ही इमारत पुन्हा उभी राहिली. चौकाकडे तोंड करून लाकडी कठड्यांच्या लांबलचक गॅलऱ्या आहेत. अशी गॅलऱ्यांची धर्मशाळावजा इमारत लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे. पूर्वी चौकाच्या तीन बाजूंना गॅलऱ्या होत्या. रेल्वे कंपनीनं गोदामाच्या गरजेपोटी दोन बाजू पाडल्या, उरली ती दक्षिणेकडची. आज तिची मालकी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

जुन्या काळी तीन वेगवेगळ्या जागा होत्या. प्रवाशांना मुक्काम, जेवण आणि घोड्यांना पागा देणारं ‘इन’, वाइन विकणारं ‘टॅव्हर्न’ आणि घरगुती बिअर विकणारं ‘एलहाउस’. जॉर्ज हे इन. घोडागाड्या चौकात थांबायच्या, माणसं खाली जेवायची, वर झोपायची. आजचा पब या तिघांची सरमिसळ आहे. महामार्गावरच्या, गावाच्या वेशीवरच्या जुन्या पबमध्ये जेवणाला मान आणि गल्लीबोळातल्या छोट्या पबमध्ये फक्त बिअर आणि चिप्सची पाकिटं, हा फरक तिथून आलेला आहे.

एकाच पबला दोन-तीन दारं दिसली तर तो व्हिक्टोरियन काळाचा मागमूस. कामगारांसाठी साधी फरशी आणि बाकडी असलेला ‘पब्लिक बार’, तर कोट घातलेल्यांसाठी गालिचा आणि गाद्या असलेला ‘सलून बार’. बिअर तीच, पण सलूनमध्ये दर चढा. बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती विसाव्या शतकात पाडल्या गेल्या. त्या भिंतींनी पुढे आपल्या लोकांना काय दिवस दाखवले, ते शेवटाकडे सांगतो.

तळघरातली जिवंत बिअर

काउंटरवर उभे लांब दांडे दिसले तर जरा थांबून बघा. नळाची चकचकीत तोटी फिरवून येते ती लागर (आपल्याकडे मिळते तशी फिकट, थंडगार बिअर) किंवा कारखान्यात गाळून, वायूच्या दाबाखाली भरलेली बिअर. उभ्या दांड्यानं उपसली जाते ती कास्क एल, म्हणजे पिंपातली जुन्या पद्धतीची बिअर, आणि ती जगात इतरत्र फारशी मिळत नाही.

कास्क एल पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. विरजलेल्या दह्यासारखं तिचं असतं. काम आतल्या आत चालूच राहतं आणि वेळ साधली तरच चव साधते. पिंप पबच्या तळघरात आडवं ठेवतात. वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की आतला जादा वायू हळूहळू निघून जातो. गाळ तळाशी बसायला बहुधा दिवसभर तरी लागतो. बिअर निवळली, चव जमली असं पबवाल्याला वाटलं की ती वर द्यायला सुरुवात होते. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. आपल्याला वाटतं तशी ही बिअर ‘गरम’ नसते, पण फ्रिजमधल्यासारखी गारही नसते. जास्त गार केली तर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवट वास दोन्ही जिभेला लागत नाहीत.

आता हिशेब बघा. पिंपातून बिअर जसजशी उपसली जाते, तसतशी रिकाम्या जागेत हवा शिरते. हवा लागली की चव उतरते, मग आंबटपणा येतो. उघडलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं. नेहमीच्या छोट्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. एक पाइंट ५६८ मिलिलिटरचा. म्हणजे एका दांड्यामागे रोज वीस-पंचवीस पाइंट खपले तरच गिऱ्हाइकाला ताजी बिअर मिळेल. मंगळवारी दुपारी सामसूम असलेल्या पबमध्ये आठ दांडे ओळीनं उभे दिसले, तर मी लागर घेतो. दोनच दांडे आणि काउंटरपुढे गर्दी, तर डोळे झाकून कास्क घ्यावी.

ओतणंही बघण्यासारखं असतं. बारमागची मुलगी ग्लास तिरका धरते आणि दांडा दोन्ही खांद्यांचा जोर लावून सावकाश स्वतःकडे ओढते. एका ओढीत साधारण अर्धा ग्लास भरतो. बिअर आधी दुधाळ, ढवळलेली दिसते. मग खालून वर निवळत जाते आणि तांबूस रंग उघडा पडतो. ती दोन क्षण थांबते, पुन्हा थोडं ओढून ग्लास काठाशी आणून ठेवते. उत्तरेत, यॉर्कशरकडे, नळीच्या टोकाला बारीक भोकांची टोपी बसवतात, त्यामुळे फेस घट्ट आणि सायीसारखा येतो. दक्षिणेत फेस कमी असतो. आमचंच बरोबर, हे दोन्हीकडचे लोक मनापासून सांगतात.

घेण्याआधी चव मागितली तर घोटभर देतात, त्यात संकोच नको. दांड्यावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. हातात आलेल्या ग्लासला व्हिनेगरसारखा वास असेल तर शांतपणे परत न्यावा. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो. दारावर ‘कास्क मार्क’ची पाटी असली तर तिथल्या बिअरची बाहेरच्या माणसांनी तपासणी केली आहे असं समजावं.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही कटकट नको म्हणून सगळीकडे वायूच्या दाबाची, न बिघडणारी बिअर लावायला सुरुवात केली. १९७१मध्ये काही गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन ‘कामरा’ नावाची संघटना काढली आणि कास्क एल वाचवायची मोहीम चालवली. पिणाऱ्यांनी नुसती तक्रार न करता तळघराचं शास्त्र शिकून घेतलं आणि चांगल्या पबची मार्गदर्शिका दरवर्षी छापली. मला या लोकांबद्दल खरा आदर आहे.

‘इंडिया पेल एल’ या फिकट, कडवट बिअरचा आपल्याशी संबंध विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्व भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअर चढायची आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोहोचायची. १८२०नंतर बर्टन गावच्या भट्टीवाल्यांनी तो धंदा काबीज केला. तिथल्या पाण्यात जिप्सम असल्यानं फिकट आणि कडवट बिअर उत्तम जमायची.

मालक कोण?

पबच्या पाटीवर कोणाचं नाव आहे, याचा ताटाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध मोठा आहे.

१८३०च्या कायद्यानं दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला घरात बिअर विकायची मुभा दिली आणि गल्लोगल्ली बिअरची घरं निघाली. १८६९मध्ये सरकारनं परवाने आवळले. परवाना दुर्मीळ झाला तशी परवाना असलेल्या जागेची किंमत वाढली आणि बिअर गाळणाऱ्या कंपन्यांनी जागाच विकत घ्यायला सुरुवात केली. पब कंपनीचा, चालवणारा भाडेकरू, आणि त्यानं बिअर कंपनीचीच घ्यायची. या बंधनाला ‘टाय’ म्हणतात. बाजारात स्वस्त मिळालं तरी बाहेरून घ्यायचं नाही. ज्याच्यावर हे बंधन नाही तो ‘फ्री हाउस’, आणि तसं तो पाटीवर अभिमानानं लिहितो.

१९८९मध्ये सरकारनं मोठ्या बिअर कंपन्यांच्या हाती किती पब असावेत यावर निर्बंध आणले. कंपन्यांनी हजारो पब विकले. ते मोठ्या प्रमाणावर घेतले ते फक्त मालमत्ता सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांनी, आणि बंधन पुन्हा तसंच राहिलं. २०१६मध्ये आलेल्या नियमावलीनं मोठ्या मालकांच्या भाडेकरूंना थोडं बळ दिलं.

भाडेकरूला बिअर महाग घ्यावी लागली की नफा दुसरीकडून काढावा लागतो, आणि ती दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. त्यात सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त झाली, २००६मध्ये स्कॉटलंडात आणि १ जुलै २००७पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट बंद झाली. नुसतं पिऊन बसणारी माणसं घरी थांबू लागली. या शतकाच्या सुरुवातीला देशात ६० हजारांच्या आसपास पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरले आहेत. तगले त्यांतल्या पुष्कळांना जेवणानं तगवलं.

ताटापर्यंतचा प्रवास

जेवणाला हा भाव येण्याआधी बहुतेक पबमधलं खाणं म्हणजे बटाट्याच्या चिप्सचं पाकीट, व्हिनेगरमधलं उकडलेलं अंडं आणि डुकराच्या कातडीचे खारट कुरकुरीत तुकडे. ब्रेड, चीज आणि कांदा हा शेतकऱ्याचा जुना घास होता. दुसऱ्या महायुद्धाचं रेशनिंग संपल्यावर चीजचा खप वाढवायला चीज आणि दुधाच्या व्यापारी मंडळींनी तोच ‘प्लाउमन्स लंच’ म्हणून जाहिरातींतून पुढे आणला. स्वयंपाकी नसलेल्या पबलाही तो जमायचा. त्याच्यासोबत येणारं पिवळंधमक ‘पिकलिली’ चाखून बघा. हळद, मोहरी, व्हिनेगर आणि फ्लॉवरचे तुकडे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींत ते हिंदुस्थानी लोणचं म्हणूनच नोंदलेलं आहे.

मग १९९१मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर माइक बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी ‘द ईगल’ नावाचा पब चालवायला घेतला. पब तसाच ठेवला, जुनी टेबलं, वेगवेगळ्या खुर्च्या. काउंटरच्या मागे उघडं स्वयंपाकघर आणि फळ्यावर खडूनं लिहिलेला, रोज बदलणारा छोटा मेनू. आज बाजारात जे चांगलं मिळालं तेच शिजवायचं, संपलं की पुसून टाकायचं. ‘गॅस्ट्रोपब’ ही जेवणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पबची जात इथून सुरू झाली. पुढे मार्लो गावातल्या टॉम केरिज यांच्या ‘द हँड अँड फ्लावर्स’ला उत्तम जेवणाच्या जागांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडच्या २०१२च्या आवृत्तीत दोन तारे मिळाले. पबला दोन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ.

फळ्यावरचा तो छोटा मेनू हीच मुख्य खूण. पाच-सहा पदार्थ लिहिलेले असतील तर मागे माणूस शिजवतोय. लॅमिनेट केलेल्या मोठ्या कार्डावर बर्गर, लझान्या, थाई करी आणि फाहिता एकत्र दिसले तर बहुतेक माल फ्रीझरमधून येतो, कारण इतके पदार्थ रोज ताजे खपवणं छोट्या पबला शक्यच नसतं.

पाय हा पबचा पदार्थ का झाला, हेही खपातूनच कळतं. स्टेक अँड एल पायचं सारण म्हणजे बैलाच्या पायाचं चिवट मांस, कांदा आणि गडद बिअर, मंद आचेवर तासन्‌तास. चिवट मांसातले तंतू विरघळून रस दाट होतो आणि दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते. न खपलेलं सारण उद्या जास्त चांगलं लागतं, पबवाल्याला याहून सोयीचं काय असणार! बिअर फार कडवट निवडली तर आटल्यावर कडूपणा वाढतो, म्हणून जाणते स्वयंपाकी गोडसर माल्टची बिअर घेतात. चांगला पाय खालून, बाजूनं, वरून पारीनं बंद असतो. सुरी घातली की वरची कड करकरते, आतून वाफेचा झोत येतो आणि काळपट रस बाहेर ओघळून मॅश केलेल्या बटाट्याकडे जातो. तळाची पारी रस पिऊन मऊ झालेली असते, पण फाटत नाही. भांड्यातल्या रश्श्यावर पफ पेस्ट्रीची टोपी ठेवून त्यालाच पाय म्हणून देणारे पुष्कळ आहेत. माझ्या लेखी तो पाय नाही.

फिश अँड चिप्सचं (इथल्या चिप्स म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे) तंत्र वेगळं. कॉड किंवा हॅडॉकचा जाड तुकडा बिअरमध्ये भिजवलेल्या पिठात बुडवून तळतात. बिअरमधल्या वायूमुळे पीठ हलकं होतं, अल्कोहोल पटकन उडून जातं म्हणून ते लवकर कुरकुरीत होतं आणि आतला मासा तेल न पिता वाफेवर शिजतो. हा पदार्थ थांबत नाही. कढईतून टेबलावर यायला वेळ लागला की संपला. म्हणून तो गर्दीच्या वेळी घ्यावा. सोबतचा हिरवा लगदा म्हणजे मोठे वाटाणे खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून शिजवलेले. दिसायला साधा, माल्ट व्हिनेगर शिंपडून खाल्ला की छान लागतो.

आणि रविवारचा रोस्ट. सकाळी चर्चला जाताना मांसाचा मोठा तुकडा भट्टीत ठेवायचा आणि परत आल्यावर सगळ्यांनी मिळून खायचा, ही घरची जुनी चाल. पबमध्ये तो रविवारीच का मिळतो? एवढा मोठा तुकडा एका दुपारी संपवण्याइतकी माणसं त्याच दिवशी येतात. बीफसोबत नाकात झणझणणारा हॉर्सरॅडिश, कोकराच्या मांसासोबत पुदिन्याचा आंबट सॉस, डुकराच्या मांसासोबत सफरचंदाचा. बटाटे आधी उकडून, भांड्यात हलवून त्यांच्या कडा मुद्दाम भुगभुगीत करतात आणि मग कडकडीत चरबीत भाजतात. यॉर्कशर पुडिंग म्हणजे अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ धूर येईपर्यंत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवलेली वाटी. ग्रेव्ही तिच्यात ओतून खायची. वेळ मात्र सांभाळा. साडेबारा-एकला गेलात तर मांस नुकतंच कापलेलं असतं. चार वाजता तेच झाकून गरम ठेवलेलं, कोरडं मिळतं. बीफ संपलं असं अडीचलाच सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या रविवारी तिथेच आधी टेबल सांगून जा.

आपल्या जेवणाच्या वेळा तिथे चालत नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी स्वयंपाकघर बहुधा दुपारी अडीच-तीनला बंद होतं, संध्याकाळी सहाला उघडतं आणि नऊला पुन्हा बंद. साडेनवाला पोहोचलात तर चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागेल.

शाकाहारी आणि बीफ न खाणाऱ्यांसाठी

इथे विचारायला लाजू नका. चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्यानं बंधनकारक असल्यानं, पदार्थात काय आहे हे सांगायची तिथल्या कर्मचाऱ्यांना सवय असते. कॉटेज पायमध्ये बीफ असतं, शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचं मांस. ‘सूएट’ची पारी म्हणजे बहुधा बैलाच्या चरबीची. यॉर्कशर पुडिंग आणि भाजलेले बटाटे दिसायला निरुपद्रवी, पण ते बीफच्या चरबीत केलेले असू शकतात. उत्तरेत चिप्ससुद्धा त्याच चरबीत तळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ग्रेव्ही मांसाच्या रसाची. चीज टोस्टवरच्या वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. कास्क एल निवळायला पुष्कळ ठिकाणी माशाच्या आतल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. न वापरणाऱ्या भट्ट्या आता वाढल्या आहेत. शाकाहारी रोस्ट बऱ्याच पबमध्ये असतो. तो घेताना ग्रेव्ही आणि बटाटे वेगळे केलेत का, एवढं एक विचारावं.

भिंती आणि मिक्स्ड ग्रिल

वर ज्या भिंतींचा उल्लेख केला, त्यांचं आता सांगतो. पन्नास-साठच्या दशकांत बर्मिंगहॅमच्या आसपासच्या ओतशाळांत काम करायला पंजाबी माणसं आली. स्मेदिकसारख्या गावांतल्या काही पबमध्ये त्यांना सलूनच्या बाजूला बसू देत नसत, काही ठिकाणी मुळी दारातच अडवत. इंडियन वर्कर्स असोसिएशननं याविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा असोसिएशनचे अवतारसिंग जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले आणि तिथल्या स्मोक रूममध्ये (सलूनसारख्याच वेगळ्या खोलीत) त्यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या वंशसंबंध कायद्यानं सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरवला.

पुढे ओतशाळा बंद पडत गेल्या, पब डबघाईला आले, आणि त्याच पंजाबी कुटुंबांनी ते चालवायला घेतले. त्यांना आता ‘देसी पब’ म्हणतात. वेस्ट ब्रॉमिचमधले ‘द व्हाइन’ आणि ‘द रेड लायन’ हे त्यांतले नावाजलेले. जुना लाकडी काउंटर, बिअरचे दांडे, भिंतीवरच्या टीव्हीवर फुटबॉल, आणि आतून येणारा कोळशावरच्या मांसाचा वास. मिक्स्ड ग्रिल मागवा. तापलेल्या लोखंडी थाळीवर कांद्याच्या चरचरत्या थरावर सीख कबाब, चिकन टिक्का, कोकराच्या चॉप्स, मासा आणि सोबत नान. संध्याकाळी सातनंतर तिथे उभं राहायला जागा मिळत नाही, इतका खप असतो. म्हणून सहालाच जाऊन टेबल धरावं, बिअर काउंटरवरून आपणच आणावी आणि दोघांत एकच ग्रिल सांगावं, कारण थाळी मोठी असते.